मदत हवी आहे : ‘अँग्विश’ला आपल्याकडचा शब्द कोणता?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरची. 2019च्या महापुरात घरं गेलेल्या शिरोळकडच्या बायकांचे अनुभव लिहून ठेवतेय. सोबत एका इंग्रजी लेखाचं भाषांतर करायचंय, आणि त्यात ‘अँग्विश’पाशी अडकलेय. कोशात यातना, मनस्ताप, तीव्र दुःख असं मिळतं. पण मन भरत नाही.

मूळ शोधलं तर लॅटिन ‘अँगुस्तिया’ निघाला. अर्थ अरुंदपणा, चिंचोळी जागा. जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. ‘अँग्झायटी’ आणि छातीतल्या कळीचा ‘अंजायना’ हे त्याच कुळातले. इतकंच काय, ऋग्वेदातला ‘अंहस्’, म्हणजे कोंडी, संकट, हाही त्यांचा नातलग. म्हणजे हे दुःख आवळणारं आहे!

आणि पुराबद्दल बोलताना एक आजी मला म्हणाल्या होत्या, “बाई, जीव आवळल्यागत झालता.” अर्थ तोच, नेमका.

‘घुसमट’ जवळचा वाटतो, पण त्यात वेदना कमी पडते. ‘तगमग’, ‘घालमेल’मध्ये अस्वस्थता आहे, आवळणं नाही. तुमच्या घरात, गडहिंग्लज-राधानगरीकडे, थोरली माणसं अशा वेळी काय म्हणतात? शब्द आणि तो वापरलेलं एखादं वाक्य, दोन्ही सांगा.