मदत हवी आहे: तेव्हा प्रोजेस्टेरॉन २.१ जास्त होतं, मग आता ७.८ कमी कसं?

प्रश्न
आयव्हीएफच्या पहिल्या वेळी ट्रिगरच्या (अंडी पिकवणाऱ्या शेवटच्या इंजेक्शनच्या) दिवशी प्रोजेस्टेरॉन (गर्भ टिकायला लागणारं संप्रेरक) २.१ आलं. "वाढलंय" म्हणून ताजा ट्रान्सफर (त्याच सायकलमध्ये गर्भ गर्भपिशवीत सोडणं) रद्द करून सगळे गर्भ गोठवले. आता गोठवलेल्या गर्भाची सायकल: एस्ट्राडिओल व्हॅलरेट (अस्तर वाढवणारं इस्ट्रोजेन) २ मिग्रॅ दिवसातून तीनदा, गर्भपिशवीचं अस्तर ८.४ मिमी, मग प्रोजेस्टेरॉन ४०० मिग्रॅ योनीमार्गे दोनदा, शिवाय डायड्रोजेस्टेरॉनच्या (प्रोजेस्टेरॉनसारख्या औषधाच्या) गोळ्या. पाचव्या दिवसाचा ब्लास्टोसिस्ट (पाच दिवस वाढलेला गर्भ) आज गर्भपिशवीत सोडला. सकाळच्या रक्तात प्रोजेस्टेरॉन ७.८. "कमी आहे, इंजेक्शन सुरू करा" म्हणाले. त्याने खरंच फरक पडतो?

गोकर्ण
आधी एकक पाहा. नॅनोग्रॅम प्रति मिलि असेल तरच पुढचं लागू. नॅनोमोलमध्ये असेल तर ३.१८ ने भागा, म्हणजे ७.८ चं अडीचच्या आसपास होईल आणि प्रकरण वेगळं.

२.१ चा प्रश्न वेळेचा होता. ट्रिगरपूर्वी प्रोजेस्टेरॉन नगण्य हवं. अनेक फॉलिकल (अंड्यांच्या पिशव्या) एकदम वाढले की सगळ्यांचं थोडंथोडं मिळून ते चढतं, आणि अस्तर गर्भाच्या आधीच पुढे निघून जातं. बरीच केंद्रं १.५ च्या आसपास रेघ ओढतात. ताज्या ट्रान्सफरमध्ये गर्भ राहण्याचं प्रमाण त्यावर घसरतं. म्हणून गोठवणं, आणि तो निर्णय बरोबरच.

आता उलटं आहे. गोळ्यांवर तयार केलेल्या सायकलमध्ये अंडं फुटत नाही, म्हणून कॉर्पस ल्युटियम (अंडं फुटल्यावर तिथे उरणारी, प्रोजेस्टेरॉन बनवणारी गाठ) नाही, म्हणून बाहेरून देतो तेवढंच प्रोजेस्टेरॉन. योनीमार्गे औषध घेणाऱ्यांमध्ये ट्रान्सफरच्या सुमारास ९-१० पेक्षा कमी असेल तर गर्भ टिकण्याचं प्रमाण कमी दिसतं. नैसर्गिक सायकलला हा आकडा जसाच्या तसा लावू नका.

प्रश्नकर्ती
नॅनोग्रॅमच आहे. केसांसाठी बायोटिन १० मिग्रॅ चालू आहे, चालेल ना?

पाटीपेन्सिल
नाही! काही यंत्रांवर बायोटिन प्रोजेस्टेरॉन खोटं वाढवून दाखवतं, म्हणजे खरा आकडा ७.८ पेक्षाही कमी असू शकतो. बीटा एचसीजी (गर्भ राहिला का ते सांगणारी रक्ततपासणी) मात्र खोटं कमी येतं. बीटाच्या निदान तीन दिवस आधीपासून बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

आणखी एक, जे बरेचदा सांगितलं जात नाही: डायड्रोजेस्टेरॉन या तपासणीत मोजलंच जात नाही. गोळ्या काम करतात, रिपोर्टमध्ये दिसत नाहीत. योनीमार्गे घेतलेलं औषधही थेट गर्भपिशवीत जास्त पोचतं, रक्तात कमी. त्यामुळे ७.८ म्हणजे "अस्तर उपाशी" असं नव्हे. तरीही इंजेक्शन घ्याच. वेळीच जोड दिली तर निकाल सावरतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. पक्का पुरावा अजून तोकडा आहे, पण तोटा फारसा नाही.

गोकर्ण
इंजेक्शनमध्ये साधारण दोन पर्याय: तेलातलं ५० मिग्रॅ, कुल्ल्याच्या वरच्या बाहेरच्या भागात खोल स्नायूत, किंवा पाण्यातलं २५ मिग्रॅ, पोटाच्या त्वचेखाली. तेलातलं असेल तर वेष्टनावर तेल कोणतं ते वाचा, तीळ किंवा शेंगदाण्याची अॅलर्जी असल्यास आधीच सांगा. कुपी तळहातात धरून कोमट करा, हळू टोचायला सांगा, बाजू रोज बदला. गाठ आली तर गरम शेक. योनीमार्गातलं बंद करायचं नाही, हे जोडीला आहे.

प्रश्नकर्ती
मधेच डाग दिसले तर? आणि बीटा कधी?

पाटीपेन्सिल
डाग दिसले तरी स्वतःहून औषध थांबवू नका, या सायकलमध्ये तेच एक आधार आहे. केंद्राला फोन करा. उलट, प्रोजेस्टेरॉन चालू असताना पाळी लांबते, म्हणून "पाळी आली नाही" यावरून काही ठरवू नका.

बीटा केंद्राने दिलेल्या तारखेला, आणि ४८ तासांनी पुन्हा त्याच लॅबमध्ये. पहिला आकडा १५०० च्या आत असेल तर दोन दिवसांत किमान ४९ टक्के वाढ पुरते, दुप्पटच व्हायला हवी असं नाही. पॉझिटिव्ह आल्यावर एस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन दोन्ही साधारण १०-१२ आठवड्यांपर्यंत. पोटात एका बाजूला तीव्र दुखलं किंवा चक्कर आली तर बीटा कितीही असो, लगेच दवाखाना गाठा.