मामांच्या हातमागासाठी जुना मिररलेस कॅमेरा: ३० हजारांत काय घ्यावे?

पाचपावलीची लेक

नमस्कार मंडळी,

माझे मामा नागपूरच्या गोळीबार चौकाजवळच्या घरात हातमागावर टसर रेशमाच्या करवतकाठी साड्या विणतात. करवतीच्या दात्यांसारखा काठ काढण्यासाठी तीन धोटे (आडवा धागा नेणारी साधने) चालवावे लागतात आणि प्रत्येक दात्याला मुख्य अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवावा लागतो. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तरी नजर पूर्वीसारखी बसत नाही, म्हणून दिवाळीनंतर माग उतरवायचे त्यांनी ठरवले आहे. त्याआधी त्यांच्या कामाची नीट छायाचित्रे काढून ठेवावीत, अशी माझी फार इच्छा आहे.

मोबाईलवर प्रयत्न करून पाहिला. खोलीत उजेड येतो तो छपराच्या कवेलूंमध्ये बसवलेल्या एका काचेतून आणि एका एलईडी ट्यूबमधून. मोबाईल चित्र उजळ करून दाखवतो खरे, पण दाते एकमेकांत मिसळतात आणि काठ पुसट रेघेसारखा दिसतो. काही चित्रांत आडवे काळसर पट्टेही येतात.

माझ्याजवळ एकूण ३०,००० रुपये आहेत आणि त्यातच बॅटरी व कार्डही बसवायचे आहे. सध्या तीन जुने मिररलेस (आत आरसा नसलेले, लेन्स बदलता येणारे) कॅमेरे समोर आहेत. सोनी ए६००० त्याच्या १६-५० मिमी झूम लेन्ससह २७,००० ला मिळतो आहे, ऑलिंपस ई-एम१० मार्क २ हा १४-४२ लेन्ससह २१,००० ला, आणि निकॉन १ मालिकेतला एक कॅमेरा ११,००० ला. स्वस्त म्हणून निकॉनकडे मन ओढ घेते. कृपया मार्गदर्शन करावे.

सीताबर्डीचा छायाचित्रकार

ताई, निकॉन १ चा विचार सोडून द्यावा. ती मालिका २०११ मध्ये आली आणि २०१८ मध्ये बंद झाली. त्या माउंटच्या (लेन्स जोडायच्या खाचेच्या) लेन्स इतर कोणत्याही कॅमेऱ्याला बसत नाहीत आणि उजेड टिपणारा सेन्सरही एक इंची, म्हणजे तिन्हींत सर्वांत लहान आहे. अंधाऱ्या खोलीत तोच सर्वांत आधी हार मानेल. सॅमसंगचा एनएक्स, म्हणजे अशाच बंद पडलेल्या मालिकेतला कॅमेरा, कुणी स्वस्तात दाखवला, तर त्यालाही हाच न्याय लावावा.

उरलेल्या दोघांची तुलना करण्याआधी एक हिशेब मांडतो. आपल्याला काठाचे दाते जवळून हवे आहेत, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली झूम लेन्स पूर्ण लांबवून वापरावी लागेल, आणि तिथे तिचे छिद्र एफ/५.६ पर्यंतच उघडते (एफचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे). त्याऐवजी एफ/१.७ ची एकाच फोकल लांबीची लेन्स लावली, तर त्याच वेळात दहापटीहून अधिक उजेड आत येतो. झूमवर जिथे आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता; ती वाढवली की चित्र दाणेदार होते) ६४०० लागेल, तिथे साधारण ६०० मध्ये काम होईल. हा फरक २०१४ ची सोनी आणि २०१५ ची ऑलिंपस या दोन बॉडींमधल्या (लेन्सविना कॅमेऱ्यांमधल्या) फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. म्हणून पैसे आधी लेन्ससाठी बाजूला काढावेत आणि उरलेल्या रकमेत चांगल्या स्थितीतली बॉडी शोधावी.

माझे मत ऑलिंपसच्या बाजूने आहे. विक्रेत्याला विचारून पाहावे की झूम लेन्स त्याच्याकडेच ठेवून नुसती बॉडी किती कमी करतो. त्यावर पॅनासॉनिकची २५ मिमी एफ/१.७ लेन्स जुनी घ्यावी. मायक्रो फोर थर्ड्स हा माउंट दोन्ही कंपन्यांचा सामायिक असल्यामुळे ती निर्धास्त बसते, आणि २५ सेंटिमीटरवरून फोकस होत असल्याने काठ चौकटीत छान भरतो. ऑलिंपसचा कॅमेरा व्यवसाय जानेवारी २०२१ पासून ओएम डिजिटल सोल्यूशन्सकडे गेला असला, तरी माउंट चालू आहे आणि जुन्या लेन्स बाजारात फिरत असतात. शिवाय या बॉडीत पाच अक्षांचे स्थिरीकरण आहे, त्यामुळे उभे धागे, फणी, कांड्यांची टोपली, हे सारे स्थिर विषय हातात धरूनही १/१५ सेकंदाला स्वच्छ येतात.

धरमपेठकर

वरील हिशेब अगदी योग्य आहे, परंतु निष्कर्षाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. स्थिरीकरण आपल्या हाताचा कंप थांबवते. मामांचा हात आणि धोटा थांबवत नाही. चालू मागाचे चित्र घ्यायचे तर शटर वेगवान हवे, वेगवान शटरला उजेड हवा, आणि तिथे सेन्सरचे क्षेत्रफळ उपयोगी पडते. ए६००० चा सेन्सर ऑलिंपसच्या सेन्सरपेक्षा क्षेत्रफळाने दीडपटीहून थोडा मोठा आहे, शिवाय १६ ऐवजी २४ मेगापिक्सेल असल्याने दात्यांचा तपशील अधिक मिळेल.

सोनीच्या स्वयंचलित फोकसच्या एफ/१.८ लेन्स या रकमेत बसणार नाहीत, हे मान्य. पण आपला विषय कुठे धावून जाणारा आहे? विणकर एकाच जागी बसतो आणि कापड जिथे विणले जाते ती रेषाही जवळपास तिथेच राहते. एकदा अंतर लावून घेतले की तासभर फोकसला हात लावायची गरज पडत नाही. म्हणून हाताने फोकस करायची सेव्हन आर्टिझन्ससारखी ३५ मिमीची साधी लेन्स आपल्याला पुरेल. फोकस पीकिंग चालू केले की स्पष्ट आलेल्या कडा पडद्यावर रंगीत दिसतात. एवढे लक्षात असू द्यावे की अशा लेन्सला विद्युत जोडणी नसते, त्यामुळे मेन्यूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय सुरू करावा लागतो. तो बंद असला तर कॅमेरा चित्रच घेत नाही आणि नवीन माणूस कॅमेरा बिघडला असे समजून घाबरतो.

पट्ट्यांबद्दल सांगायचे, तर तो मोबाईलचा दोष नाही. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे बऱ्याच स्वस्त ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-प्रखर होतात. शटर १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवले तर एक पूर्ण चक्र चित्रात येते आणि पट्टे नाहीसे होतात. ऑलिंपसच घेतला, तर त्या खोलीत त्याचे निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर वापरू नये, कारण त्यात पट्टे अधिक उमटतात. सर्वांत बरे म्हणजे सकाळी कवेलूच्या काचेतून ऊन उतरते तेव्हा ट्यूब बंद करूनच चित्रे घ्यावीत.

कळमेश्वरचा रहिवासी

मॉडेल कोणतेही निवडा, पण समोर असलेला तो एक नग कसा आहे, यावर सारे अवलंबून आहे. तीन वर्षांपूर्वी मी एका विक्रेत्याकडून संध्याकाळच्या उजेडात घाईघाईने एक लेन्स घेतली. घरी येऊन टॉर्च मागून धरला, तेव्हा आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसली. आपल्याकडे लोकांना वाटते की नागपूरची हवा कोरडी, इथे बुरशी कुठून येणार. पण एप्रिलपासून पावसाळा येईपर्यंत घराघरांत कूलर चालतो, आणि ज्या खोलीत कूलर त्याच खोलीतल्या कपाटात कॅमेरा असतो. त्यामागोमाग पावसाळ्याची ओल येते. म्हणून विक्रेत्याला किमतीआधी हेच विचारावे की लेन्स कुठे ठेवली होती.

पाहायला दिवसाच जावे आणि स्वतःचे कार्ड सोबत न्यावे. एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचे चित्र घेतले की सेन्सरवरचे डाग दिसतात. झाकण लावून एक-दोन सेकंदांचे चित्र घेतले की कायम पेटलेले ठिपके कळतात. सरळ आरपार जाणारी रंगीत रेघ दिसली तर मात्र व्यवहार तिथेच थांबवावा, कारण वराती आणि मिरवणुकांत वापरलेल्या कॅमेऱ्यांच्या सेन्सरवर लेझरचा मार बसलेला असू शकतो आणि त्याला सेन्सर बदलण्यावाचून उपाय नाही. ए६००० ची १६-५० लेन्स चालू-बंद करताना कान देऊन ऐकावी. ती विजेवर बाहेर येते आणि अडखळत असेल, तर लवकरच अडकून बसेल. सोनीच्या मेन्यूत भाषा बदलून पाहावी, कारण खास जपानच्या बाजारासाठी बनलेल्या बॉडीत फक्त जपानी भाषा असते आणि ती बदलता येत नाही. ए६००० च्या शटरचे आकडे चित्राच्या फाइलमध्ये नोंदलेले असतात. एक्झिफटूल या मोफत प्रोग्रॅमने ते घरी वाचता येतात. बॅटरी काढून सपाट टेबलावर ठेवावी. डुगडुगली तर ती फुगली आहे. बिल नसेल तर तळाशी असलेला अनुक्रमांक लिहून विक्रेत्याची सही असलेली पावती घ्यावी.

आणि मामांच्या घरात लेन्स बदलू नये, ही माझी कळकळीची विनंती. मागाच्या खोलीत तंतूंची धूळ सतत तरंगत असते. मिररलेसमध्ये लेन्स काढली की सेन्सर उघडाच पडतो, समोर आरसा नसतो.

पाचपावलीची लेक

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. काय घडले ते कळवते.

आधी सोनी पाहिला. धरमपेठकर काकांचे म्हणणे मला पटले होते, म्हणून तोच घ्यायचा असे ठरवून गेले होते. परंतु लेन्स बाहेर येताना दोनदा अडखळली आणि मेन्यू पूर्ण जपानी निघाला. नुसती बॉडी द्यायला मालक तयार नव्हते. मग ऑलिंपस पाहिला. भिंतीच्या चित्रात कोपऱ्यात दोन फिकट डाग होते, ते हवेच्या पंपाने गेले. झाकण लावून घेतलेले चित्र स्वच्छ आले. झूम लेन्स परत ठेवून बॉडी १७,००० ला मिळाली, २५ मिमीची जुनी लेन्स ९,५०० ला, आणि उरलेल्या पैशांत एक बॅटरी व कार्ड झाले. लेन्स दोन्ही बाजूंनी टॉर्च लावून पाहिली. आता घट्ट झाकणाच्या डब्यात निळ्या सिलिका जेलसोबत ठेवते आहे; दाणे गुलाबी झाले की गरम करून वाळवायचे, हे दुकानदाराने समजावले.

रविवारी सकाळी मामांकडे गेले. ट्यूब बंद केली, १/१०० सेकंद, एफ/२ आणि आयएसओ १६०० लावले. धोटा थोडा पुसट आला, तो मला तसाच आवडला. दाते मात्र एकेक मोजता येतील इतके स्पष्ट आले. मामांना पडद्यावर चित्र मोठे करून दाखवले. त्यांनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ पाहिले आणि मग मागाकडे वळून दोन बोटे मागे एका दात्यावर नख ठेवले. तिथला एक धागा सुटला होता. त्यांनी तेवढे विणलेले उसवले आणि पुन्हा विणायला बसले.