जपानमध्ये इंग्रजी शिकवताना नाताळ: अनुभव धागा

जपानच्या शाळेत किंवा एइकाइवात, म्हणजे खाजगी संभाषण-वर्गात, इंग्रजी शिकवणाऱ्याकडे डिसेंबरात एक मागणी हमखास येते: तुमच्याकडचा नाताळ आम्हाला दाखवा. शिक्षक नाशिकचा असो की न्यूझीलंडचा, इंग्रजी शिकवतो म्हटल्यावर नाताळही त्यानेच करायचा. जे हे करत आले आहेत त्यांनी इथे लिहावं. काय लागतं, किती लागतं, कुठे अडतं आणि का, असं नेमकं हवं आहे.

तारखांपासून सुरुवात करते, कारण बहुतेक घोळ तिथेच होतात. 25 डिसेंबरला जपानमध्ये सुट्टी नसते. 2018 पर्यंत सम्राट आकिहितोंच्या वाढदिवसाची सुट्टी 23 डिसेंबरला असायची. सम्राट नारुहितो गादीवर आल्यानंतर ती 23 फेब्रुवारीला गेली, तेव्हा जुनी माहिती बघून 23 ला कार्यक्रम ठरवू नका. बहुतेक शाळांचं दुसरं सत्र 24-25 डिसेंबरच्या सुमारास संपतं. शेवटचे दोन-तीन दिवस साफसफाई, प्रगतिपुस्तकं आणि समारोपाच्या सभेत जातात, तासांना कात्री लागते. नाताळचा तास दुसऱ्या आठवड्यात धरा आणि नोव्हेंबर संपायच्या आत वर्गशिक्षकांच्या हातात एका पानाचा आराखडा द्या. तोंडी सांगितलेलं तिथे विसरलं जात नाही, पण वेळापत्रकात चढतही नाही.

प्राथमिक शाळा, सैतामा

पाचवी-सहावीला इंग्रजी हा 2020 पासून रीतसर विषय आहे, वर्षाला 70 तास. तिसरी-चौथीला 35 तासांचा 'परदेशी भाषा उपक्रम' असतो. तास 45 मिनिटांचा. त्यात नाताळची माहिती सांगत बसलात तर मुलं पहिल्या दहा मिनिटांनंतर ऐकत नाहीत. खेळच हवा.

सगळ्यात चांगला चालणारा खेळ म्हणजे सांताचा फुकुवाराई. फुकुवाराई हा जपानी नववर्षाचा जुना खेळ: डोळे बांधून कागदी चेहऱ्यावर नाक-डोळे लावायचे. नियम मुलांना घरूनच माहीत असतात, त्यामुळे समजावण्यात वेळ जात नाही. ए-3 कागदावर सांताच्या चेहऱ्याची रिकामी बाह्यरेषा काढा. तुकडे आठ: दोन डोळे, दोन भुवया, नाक, मिशी, दाढी, टोपी. सगळे लॅमिनेट करा आणि प्रत्येकाच्या मागे लोहचुंबकाची पट्टी चिकटवा, इथले फळे पोलादी असतात. दाढीला दोन पट्ट्या लावा, एका पट्टीवर ती फिरते आणि खाली घसरते. एक मूल डोळे बांधून फळ्यापाशी जातं, बाकीचे वर, खाली, डावीकडे, उजवीकडे, थांब असं इंग्रजीत ओरडतात.

हा खेळ गटागटाने बाकांवर ठेवू नका. मुलं बाकाभोवती चारही बाजूंनी बसतात, समोरच्याचं डावं ते खेळणाऱ्याचं उजवं होतं, आणि जे शब्द पक्के करायचे तेच गोंधळतात. फळ्यावर खेळणारा आणि वर्ग एकाच दिशेला तोंड करून असतात, म्हणून तिथे अडचण येत नाही. डोळे बांधायला प्रत्येकाने स्वतःचा रुमाल वापरावा, मुलांच्या खिशात तो असतोच. खेळाला 20 मिनिटं पुरतात. शेवटची पाच मिनिटं 'आज काय शिकलो' हा कागद भरायला सोडा, वर्गशिक्षकांना तो लागतो.

'तुला नाताळला काय हवंय?' हे वाक्य पुस्तकी वाटतं, पण वर्गात जपून वापरा. सगळ्या घरांतून भेटी येत नाहीत. त्याऐवजी चित्रांच्या दुकानातून मित्रासाठी भेट निवडायची आणि 'हे तुझ्यासाठी' म्हणून द्यायची, असं केलं की रचना तीच शिकवली जाते आणि कोणी उघडं पडत नाही.

आणि सांता. पहिली ते चौथीची बरीच मुलं मनापासून मानतात. जपानी सांता भेट झाडाखाली ठेवत नाही, रात्री उशाशी ठेवतो. तुमच्या देशात झाडाखाली ठेवतात हे सांगायला हरकत नाही, 'कोण ठेवतं' यात शिरू नका.

पुन्हा सैतामा, एक राहिलं

सरकारी शाळेत येशूजन्माचा देखावा, प्रार्थना, भक्तिगीतं नकोत. राज्यघटनेच्या कलम 20 नुसार सरकारी संस्थांना धार्मिक शिक्षण देता येत नाही. 'नाताळ हा ख्रिस्ती लोकांचा सण, येशूचा जन्मदिवस' हे माहिती म्हणून सांगता येतं. गाणं घंटा-बर्फ-घसरगाडीचं निवडा.

ज्युनिअर हायस्कूल, आकिता

इथे तास 50 मिनिटांचा आणि वर्गात 40 पर्यंत मुलं. शुभेच्छापत्रं करून घेणं सगळ्यात सोपं. यात्सुगिरी आकाराचा चित्रकलेचा कागद, साधारण 27 बाय 38 सेंटिमीटर, चार तुकड्यांत कापला की चार पत्रं होतात. 40 मुलांना दहा कागद लागतात, पण बारा घ्या.

शाळेत कोणी सहसा आधी सांगत नाही अशी गोष्ट: जपानमध्ये माणसाचं नाव लाल शाईने लिहिणं अशुभ मानतात. नाताळ म्हटल्यावर मुलांच्या हातात लाल-हिरवी पेनं देतो आपण, आणि कोणीतरी मैत्रिणीचं नाव लाल अक्षरांत काढतं. मग चेहरे पडतात. नाव काळ्या किंवा हिरव्या रंगात, लाल फक्त चित्राला, हे फळ्यावर आधीच लिहून ठेवा.

ज्या घरात त्या वर्षी कोणी वारलं असेल ते नववर्षाची पत्रं पाठवत नाहीत, घेतही नाहीत. नोव्हेंबर-डिसेंबरात तशी सूचना देणारं पत्र ते स्वतः पाठवतात. म्हणून सहकाऱ्यांना कार्ड देताना त्यावर नववर्षाच्या शुभेच्छा छापलेल्या आहेत का बघा. शंका असेल तर नाताळात काही न देता 7 जानेवारीनंतर थंडीची विचारपूस करणारं पत्र पाठवा, त्याला इथे कान्चू-मिमाइ म्हणतात.

सांताचा पोशाख 100 येनच्या दुकानांत मिळतो, पण तो पातळ पॉलिस्टरचा असतो. आमच्या बाजूला काही वर्गांत केरोसीनचे हीटर असतात. असा पोशाख घालून हीटरजवळ जायचं नाही, मुलांनाही जाऊ द्यायचं नाही. खोटी दाढी तर वर्गात लावूच नका. उच्चार शिकवणाऱ्याचे ओठ दिसले पाहिजेत.

प्राथमिक शाळा, कानागावा

खाऊबद्दल लिहितो, कारण वर कोणी लिहिलं नाही. घरून केलेला केक, बिस्किटं, चॉकलेट, अगदी कँडीसुद्धा मुलांना परस्पर वाटू नका. 2012 च्या डिसेंबरात टोकियोतल्या चोफु शहरात दुधाची ॲलर्जी असलेली एक मुलगी शाळेच्या जेवणातलं चीज असलेलं थालीपीठासारखं धिरडं खाऊन दगावली. त्यानंतर नियम फार कडक झाले, आणि ते योग्यच आहे. शाळेच्या जेवणात नाताळच्या सुमारास चिकन आणि छोटा केक बहुधा असतोच, तेच निमित्त धरून बोला. शिक्षकांच्या खोलीत द्यायचं असेल तर एकेक सुटं पाकीटबंद बिस्किट आणि ते टेबलावर ठेवायचं, हातात कोंबायचं नाही.

एइकाइवा, नागोया

प्रौढांचा नाताळ वेगळा. 24 ची संध्याकाळ कधीच धरू नका. ती जोडप्यांची आणि लहान मुलं असलेल्या घरांची. तिसऱ्या आठवड्यापासून ऑफिसांच्या वर्षअखेरच्या बोनेन्काइ पार्ट्या सुरू होतात. डिसेंबरचा पहिला किंवा दुसरा रविवार, दुपारी, एवढीच सोयीची जागा उरते.

जागेसाठी कोमिन्कान, म्हणजे वस्तीचं सार्वजनिक समाजकेंद्र, उत्तम. बऱ्याच ठिकाणी स्वयंपाकखोली असते, काहींत गॅसचे मोठे ओव्हनही. पण कोमिन्कानला नफ्याच्या धंद्याला मदत करायला कायद्याने बंदी आहे. क्लासच्या नावाने अर्ज केला तर नाकारला जाऊ शकतो. विद्यार्थ्यांच्या अभ्यासगटाने स्वतःच्या नावाने, खर्चापुरती वर्गणी ठेवून अर्ज करावा. वेळ सकाळ-दुपार-संध्याकाळ अशा तुकड्यांत मिळते आणि भांडी घासून, पुसून, जागेवर लावून किल्ली परत करणं त्याच वेळेत बसवायचं असतं. शेवटची 40 मिनिटं साफसफाईसाठी राखा. दारू चालते का हे अर्जाच्या वेळी विचारा. चालत असली तरी गाडी चालवणाऱ्याला एक घोटही नाही. 2007 पासून दारू देणारा आणि गाडीत सोबत बसणाराही कायद्याच्या कचाट्यात येतो.

भेटींची अदलाबदल करायची तर 500 किंवा 1000 येन अशी एकच रक्कम निमंत्रणात लिहा. चार नगांचा संच, कात्री, सुरी टाळायला सांगा. जपानी पाहुणे मिळालेली भेट देणाऱ्यासमोर सहसा उघडत नाहीत. पाश्चात्त्य पद्धत दाखवायची असेल तर 'आता सगळ्यांनी एकदम उघडा' असं स्पष्ट जाहीर करावं लागतं, नाहीतर सगळ्या पुड्या तशाच पिशवीत जातात.

नाताळ म्हणजे तळलेलं चिकन आणि स्ट्रॉबेरीचा क्रीम केक, असंच इथे समीकरण आहे. हे रुजवणारी केएफसीची जाहिरातमोहीम 1974 ची. यावरूनच संभाषण सुरू करा, लोक उत्साहाने बोलतात. केक मागवायचा तर आकार क्रमांकात असतो: एक क्रमांक म्हणजे 3 सेंटिमीटर व्यास. पाच क्रमांकाचा केक 15 सेंटिमीटरचा, चार ते सहा जणांना पुरतो. मागणी डिसेंबरच्या सुरुवातीलाच नोंदवा.

फुकुओका, छोट्या फ्लॅटमधला स्वयंपाक

नागोयाच्या ताईंना कोमिन्कान मिळालं, ज्यांना घरीच करायचं त्यांच्यासाठी. टर्कीच्या मागे लागू नका. मिळाली तरी घरातल्या ओव्हन-रेंजमध्ये, म्हणजे मायक्रोवेव्ह आणि ओव्हन एकत्र असलेल्या यंत्रात, मावत नाही. 1.2 किलोची अख्खी कोंबडी घ्या. सुपरमार्केटमध्ये ती 20 तारखेनंतर दिसते, गोठवलेली आधीही मिळते. गोठवलेली असेल तर फ्रिजमध्येच पूर्ण एक ते दीड दिवस सुटू द्या. आतून बर्फ राहिला की बाहेरून जळते आणि मांडीपाशी कच्ची राहते.

कोरडी पुसून 12 ते 15 ग्रॅम मीठ आतबाहेर चोळा, रात्रभर फ्रिजमध्ये उघडी ठेवा. 200 अंशांवर 20 मिनिटं, मग 180 वर 40 ते 45 मिनिटं. ओव्हन-रेंजची उंची कमी असते, छातीची कातडी वरच्या तापलेल्या पट्टीच्या अगदी जवळ येते. म्हणून पहिल्या 20 मिनिटांनंतर वरून फॉइल झाका. मात्र यंत्र ओव्हनवरच आहे ना हे दोनदा बघा, मायक्रोवेव्हवर फॉइलच्या ठिणग्या उडतात. मांडीच्या जाड भागात 75 अंश आले की झालं.

आता वीज. पुष्कळ फ्लॅटना 30 अँपिअरची जोडणी असते. दाब 100 व्होल्टचा, म्हणजे 1400 वॉटचा ओव्हन एकटाच 14 अँपिअर खातो, किटली आणखी 12-13. त्यात एसी गरम हवेवर चालू असला की ब्रेकर पडतो आणि कोंबडी अर्ध्यावर थंड होते. ओव्हन चालू असताना किटली आणि हेअरड्रायर बंद.

केकची कृती परदेशी असेल तर कपाचं माप बघा. जपानी कप 200 मिलीचा, अमेरिकन जवळपास 240 चा. शक्यतो ग्रॅममध्येच करा. लोणी 200 ग्रॅमच्या वडीत येतं आणि बहुतेक खारट असतं, बिनमिठाचं शोधून घ्यावं लागतं.

वसईकर, सध्या ओसाका

आपल्याकडचा नाताळ दाखवायचा असेल तर कुस्वार, म्हणजे नाताळचा फराळ, करा, वर्गातल्या प्रौढांना फार आवडतो. कुलकुल्यांसाठी (गुंडाळून तळायचा गोड पदार्थ) 250 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम बारीक रवा, 60 ग्रॅम पिठीसाखर, दोन मोठे चमचे कडक तुपाचं मोहन, चिमूट मीठ, आणि मळायला लागेल तसं नारळाचं दूध, साधारण 100 मिली. हाकुरिकिको हा जपानी केकचा मैदा फार मऊ असतो, नुसत्या त्याच्या कुलकुल्या तेलात सुटतात. चुरिकिको, म्हणजे मध्यम ताकदीचा मैदा, घ्या, नाही मिळाला तर हाकुरिकिको आणि ब्रेडचा क्योरिकिको निम्मे-निम्मे. सुपारीएवढी गोळी काट्याच्या मागच्या बाजूवर दाबायची आणि टोकाकडून गुंडाळत आणायची. शेवटची कड नीट दाबली नाही तर तळताना उघडते. रवा आणि तूप भारतीय दुकानांत मिळतं. हातांना काम मिळतं म्हणून लोक आपोआप इंग्रजीत बोलू लागतात.

गावाहून पार्सलमध्ये दोदोल, बेबिंक असे गोड पदार्थ मागवता येतात, पण गोव्याचा चोरीस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, अजिबात नको. मांसाचे पदार्थ जपानमध्ये आणायला बंदी आहे आणि शिक्षा जबर आहे.

मिस्सेसाठी, म्हणजे चर्चमधल्या उपासनेसाठी, टोकियोत योत्सुयाचं संत इग्नेशियस चर्च सोयीचं, तिथे इंग्रजीतही मिस्सा होते. 24 ला गर्दी फार, वेळ आधी विचारून घ्या. यामागुचीजवळ राहणाऱ्यांनी तिथे नक्की जावं. संत फ्रान्सिस झेवियर 1549 मध्ये कागोशिमाला उतरले, पुढे यामागुचीत राहिले. ते तिथून निघून गेल्यानंतर 1552 मध्ये तिथे झालेली मिस्सा ही जपानमधली पहिली नाताळची मिस्सा मानली जाते, आणि डिसेंबरात ते शहर स्वतःला 'नाताळचं शहर' म्हणवतं. ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे त्या संताची गोष्ट विद्यार्थ्यांना ठाऊक असते, पाठ्यपुस्तकातल्या चित्रातून. गोव्याचा धागा जोडून दिला की प्रश्न संपत नाहीत.

सेंदाई

भारतातून दिव्यांच्या माळा आणू नका. 220-230 व्होल्टच्या माळा इथल्या 100 व्होल्टवर मंद पेटतात किंवा पेटतच नाहीत. इथूनच घ्या, पीएसई ही विजेच्या वस्तूंची सुरक्षा-खूण असलेल्या.

सजावट 25 ला संध्याकाळीच उतरवा. 6 जानेवारीपर्यंत झाड ठेवायची पाश्चात्त्य रीत इथे चालत नाही, कारण 26 पासून सगळीकडे नववर्षाची तयारी लागते. दारावरची शिमेनावा (गवताचा पवित्र दोर) आणि कागामी-मोची (तांदळाच्या मोचीची मांडणी) 28 पर्यंत मांडतात, 29 आणि 31 अशुभ. शाळेच्या दारात तोवर रीथ, म्हणजे पानाफांद्यांचं नाताळचं कडं, लटकत असेल तर ती काढायचं काम शिपाईकाकांवर येतं. रीथ सुगी आणि हिनोकीच्या फांद्यांची, नानतेनच्या लाल फळांची केली असेल तर टाकताना तार आधी काढा. प्लास्टिकचं झाड मोठं असलं तर ते मोठ्या कचऱ्यात, टोकियोच्या वॉर्डांत 30 सेंटिमीटरच्या वर. त्याचं तिकीट काढून वेळ ठरवावी लागते आणि वर्षअखेरीला त्या वेळा आधीच भरतात.

डिस्पॅच कंपनीमार्फत शिकवणारे, गुन्मा

रजेचं लिहितो. 25 ला सुट्टी हवी तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात अर्ज द्या, आणि तुमचा शेवटचा तास कोणत्या दिवशी आहे ते बघूनच. शाळेने थेट नेमलेल्यांना मुलांच्या सुट्टीतही हजर राहावं लागतं. डिस्पॅचवाल्यांना, म्हणजे कंपनीने शाळेत पाठवलेल्यांना, शाळा बंद म्हणजे घरी, पण पुष्कळ करारांत डिसेंबर आणि जानेवारीचा पगार दिवसांच्या प्रमाणात कापला जातो. करारातलं ते कलम भेटवस्तू घ्यायच्या आधी वाचा. घरी किंवा मित्रांकडे जायचं असेल तर शिन्कान्सेनचं आरक्षण महिनाभर आधी सकाळी 10 ला उघडतं, आणि 29-30 डिसेंबरला प्रचंड गर्दी असते. सरकारी कार्यालयं 29 डिसेंबर ते 3 जानेवारी बंद, बँकाही वर्षअखेरीला बंद होतात. व्हिसाची किंवा पैशांची कामं 27 च्या आत उरका.