पूल ५० करा म्हणे!

वाळूजकर: काल एका भाऊनं इथं टाकलं, 'डेटाबेस कनेक्टर अडकला की पूल ५० करा, रिस्टार्ट मारा, विषय संपला.' (कनेक्टर म्हंजे सिस्टीमला डेटाबेसशी जोडणारा भाग, पूल म्हंजे त्यानं तयार ठेवलेल्या कनेक्शनचा साठा.) संपला कसा राव? पोस्टग्रेस डेटाबेसची कनेक्शनची मर्यादा मुळात १००, त्यातली ३ सुपरयूजरला, म्हंजे मुख्य ॲडमिनला, राखीव. दोन नोडवर (सर्व्हरवर) ५०-५० केले की रिपोर्टवाल्यानं लॉगिन कुठून करायचं? हिकारीनं, म्हंजे पूल सांभाळणाऱ्या लायब्ररीनं, डिफॉल्ट १० ठेवलाय तो काय येडेपणानं? आधी बघा कनेक्शन कोण धरून बसलंय.

गोदाकाठ: पोस्ट माझीच. रात्री गेटवर गाड्या उभ्या, इनव्हॉइस निघंना, प्लांटवाला फोनवर शिव्या घालायलाय, तवा तुम्ही बसा शोधत. मी पूल वाढवला, गाड्या सुटल्या.

वाळूजकर: अन् परत कधी अडकल्या ते लिहा की.

गोदाकाठ: तुम्हाला कामून सांगू? प्रोडक्शन, म्हंजे खरी चालू सिस्टीम, बघितलंय का कधी?

जालनेकर: भांडू नका. आमच्याकडं निराळंच निघालं. रिकामं कनेक्शन मधली फायरवॉल गुपचूप तोडायली, पूलला पत्ताच नाही. मेलेलं एकेक कनेक्शन तपासण्यात ५ सेकंद जातात, पूल वाढवला की मढीच वाढली. कीपअलाइव्ह (रिकामं कनेक्शन मधूनमधून जागं ठेवणं) लावा, मॅक्स लाइफटाइम (एका कनेक्शनचं जास्तीत जास्त आयुष्य) ३० मिनिटांवरून खाली आणा. फायरवॉल किती वेळानं कनेक्शन तोडते (टाइमआउट) हे मात्र विचारू नका, नेटवर्कवाला पुण्यात बसतो, तक्रारीच्या तिकिटाला उत्तर देत नाही.

लातूरचा पाहुणा: बरं झालं पुणं निघालं! सगळं तिकडंच कामून? संभाजीनगरच्या चिकलठाण्यात एसटीपीआय, म्हंजे सरकारी सॉफ्टवेअर पार्क, आहे की. अन् संभाजीनगरहून पुण्याला रेल्वेनं जायचं तर अजून मनमाड-दौंडचा वळसा.

परभणीकर सध्या हडपसर: इथं येऊन रूमचं भाडं भरून बघा, मग बोला. गावाकडं तेवढा पगार कोण देतंय? मीबी हौसेनं नाही आलो.

लातूरचा पाहुणा: तुमच्यासारखे सगळे गेले म्हणूनच देत नाहीत.

परभणीकर सध्या हडपसर: असं का! मग घराचा हप्ता तुम्ही भरा माझा.

जालनेकर: रेल्वेचा धागा वेगळा काढा ना.

लातूरचा पाहुणा: काढला होता, एकानंबी उत्तर दिलं नाही.

वाळूजकर: फायरवॉलचं पटतंय. पण त्याआधी लीक डिटेक्शन थ्रेशोल्ड (ठरल्या वेळेत कनेक्शन परत न देणारा पकडायची सेटिंग) चालू करा, डिफॉल्टला बंद असतो. कनेक्शन घेऊन बसलेला फ्लो (कामाचा क्रम) लॉगमध्ये स्टॅक ट्रेससकट, म्हंजे कोडमधल्या जागेसकट, दिसतो.

गोदाकाठ: लावतो महाराज, तुमच्या नावानं लावतो. पण पूल ५० च राहणार, अन् गाड्या अडकल्या तर प्लांटवाल्याला तुमचा नंबर देणार.