थंडीत सकाळी पहिल्या स्टार्टला गाडी बंद पडते. आधी काय तपासू?

निफाडकर
नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची पेट्रोल हॅचबॅक, कंपनी फिटेड सीएनजी. थंडी पडली तसा त्रास सुरू झाला. सकाळी सेल्फ मारला की चालू होते, पण आचके देते, आरपीएमचा काटा खाली येतो आणि बंद. मग पाय देऊन रेस धरून ठेवावी लागते. दोनेक मिनिटांत सुरळीत, पुढे दिवसभर तक्रार नाही. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. गॅरेजवाल्याने प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, फरक शून्य. आता इंजेक्टर आणि कॉइल बदलू म्हणतोय. पैसे घालवण्याआधी काय बघू?

घाटरस्ता
ई-२०! वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. दुसरं काय.

तेलकट_हात
@घाटरस्ता, इथेनॉलची थंडीत वाफ नीट होत नाही हे खरं, त्यामुळे थोडा फरक पडतोही. पण आपल्याकडच्या थंडीत धडधाकट गाडी त्याने बंद पडत नाही. नाहीतर निम्मं निफाड सकाळी धक्का मारताना दिसलं असतं.

@निफाडकर, प्लगला ठिणगी देणारी कॉइल इतक्यात बदलू नका. कॉइल गेली असती तर चढावर, लोडवर गाडीने मिसिंग दाखवलं असतं. सायलेन्सरच्या वाटेवरचा ऑक्सिजन सेन्सर बदला असंही कोणी सांगेल. तो तापल्याशिवाय कामच करत नाही, पहिल्या मिनिटात त्याचं कोणी ऐकत नाही.

दोन गोष्टी सांगा. चावी ऑन करून पंपाची घरघर थांबू द्या, बंद करा, परत ऑन करा आणि मग सेल्फ मारा. फरक पडतो का? आणि गाडी पेट्रोलवरून गॅसवर कधी जाते?

निफाडकर
चावीचा प्रयोग केला, फरक नाही. गॅसवर मात्र लगेच जाते. पूर्वी थंडीत बराच वेळ पेट्रोलवर चालायची, आता सेल्फ सुटला की गॅसचा दिवा. मला वाटलं, बरंच आहे, पेट्रोल वाचतंय.

तेलकट_हात
तिथेच गोम आहे. चावीने फरक नाही, म्हणजे पंपाचं प्रेशर रात्रीत उतरत नाही. गॅसवर लगेच जाते, म्हणजे ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला) इंजिन गरम झाल्यासारखं दिसतंय. कूलंट टेम्परेचर सेन्सर तपासा.

थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, कारण बरंचसं थंड भिंतींना चिकटून राहतं. पूर्वी त्यासाठी आपण चोक ओढायचो, आता ईसीयू तापमान बघून इंजेक्टर जास्त वेळ उघडा ठेवतो. सेन्सर चुकीचा आकडा देत असेल तर चोकही नाही आणि आयडलिंगही चढत नाही. त्यात तुमच्या गाडीचा गॅसवर जाण्याचा निर्णयही त्याच आकड्यावर. दिवा न लागण्याचं कारण सोपं आहे: समजा सेन्सर ४० अंश दाखवतोय, तर तो काही अशक्य आकडा नाही, ईसीयूला संशय कशाला येईल?

ब्लूटूथचा साधा ओबीडी स्कॅनर घ्या, ईसीयूमधले आकडे मोबाइलवर दाखवतो. गाडी रात्रभर उभी राहू द्या. सकाळी सेल्फ न मारता फक्त चावी ऑन करून कूलंट आणि इनटेक हवेचं तापमान बघा. दोन्ही जवळपास सारखी हवीत. गरम इंजिनवर स्कॅनर लावून काही कळणार नाही. म्हणून मेकॅनिक निवडताना एकच विचारा: गाडी मुक्कामाला ठेवून सकाळी स्वतः पहिला स्टार्ट मारणार का?

जुनी_फियाट
दोन्ही सारखी निघाली तर स्कॅनरवर फ्युएल ट्रिम बघा, म्हणजे ईसीयू पेट्रोल किती टक्के वाढवतोय किंवा कमी करतोय. आयडलला प्लस १५-२० आणि २५०० आरपीएमला खाली येत असेल, तर कुठूनतरी हवा ओढतेय. इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाइप. थंडीत रबर आकसतं, गरम झालं की गळती बुजते. लक्षणं अगदी अशीच.

निफाडकर
आज पहाटेचं रीडिंग: हवा ११, कूलंट ४३!

तेलकट_हात
सापडलं. तरी सेन्सर आणायच्या आधी कनेक्टर काढून बघा, हिरवा गंज किंवा कूलंटचा ओलावा असेल तर आधी तो साफ करा. मग मल्टीमीटरने सेन्सरचा रेझिस्टन्स मोजा. थंडीत काही हजार ओहम हवा, गरम इंजिनला तीनशेच्या आसपास. थंडीतच हजाराच्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर सेन्सर गेला. बदलताना इंजिन पूर्ण थंड हवं, थोडं कूलंट सांडेल, लेव्हल भरून हवा काढा. आणि पेट्रोलची टाकी कायम रिझर्व्हवर ठेवू नका. सीएनजीवाले सगळेच ठेवतात, मग पंप जळतो.

बुलेटवाली
माझी डिझेल एसयूव्हीपण सकाळी पांढरा धूर सोडत थरथरते. हेच असेल का?

तेलकट_हात
@बुलेटवाली, आधी ग्लो प्लग तपासा ताई, थंडीत डिझेल इंजिन आतून तापवतात ते. आणि वेगळा धागा काढा, इथे दोन गाड्यांचा काला होईल.