मदत हवी आहे: 'वर्क'नंतर ॲट, इन, फॉर की ॲज?

इंग्रजीत नोकरी सांगताना पदाआधी 'ॲज', पगार देणाऱ्याआधी 'फॉर', क्षेत्राआधी 'इन', इथवर ठीक. 'आय वर्क ॲज इंजिनिअर' ही चूक मात्र सर्रास दिसते: मराठीत 'इंजिनिअर म्हणून' एवढ्यावर भागतं, तिथे 'ॲज ॲन इंजिनिअर' लागतं.

घोडं अडतं ते 'ॲट'पाशी. 'वर्क ॲट अ बँक' आणि 'वर्क इन अ बँक' दोन्ही बरोबर, आपल्याकडे दोन्हीला 'बँकेत'च. मग बायोडेटात कंपनीच्या नावाआधी 'ॲट' घ्यावं की 'फॉर'? आणि पगार कंत्राटदाराचा, बसणं मात्र दुसऱ्याच कंपनीत असेल, तर एकाच वाक्यात 'फॉर' कंत्राटदार, 'ॲट' कंपनी असं चालेल का? 'वर्क विथ' लिहिलं तर नोकर न वाटता भागीदार वाटतो, म्हणून ते नको. कृपया पूर्ण वाक्य लिहून दाखवा.