मदत हवी आहे : नगरपरिषदेच्या फेसबुक पानावर केलेली तक्रार ‘आवक’ धरली जाते का?

नमस्कार.

आमच्या नगरपरिषदेसंबंधी (नाव मुद्दाम देत नाही) एक अडचण मांडतो आहे. नगरपालिकेच्या किंवा माहिती अधिकाराच्या कामाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांनी कृपया मार्ग सुचवावा.

आमच्या आळीत गटाराचे चेंबर खचल्यामुळे सांडपाणी रस्त्यावर येते. पूर्वी अशा वेळी अर्ज लिहून आवक शाखेत द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घेऊन परतायचे, हीच रीत होती. या खेपेस नगरपरिषदेच्या फेसबुक पानावर तक्रारी तेथेच नोंदवण्याचे ठळक आवाहन होते, म्हणून मी छायाचित्रासह तेथे लिहिले. तासाभरात तक्रार संबंधित विभागाकडे पाठविल्याचे उत्तर आले, आणि खरे सांगायचे तर मला कौतुकच वाटले. पुढे पाच आठवडे काही हालचाल झाली नाही. कार्यालयात गेलो, तेव्हा लिपिकांनी आवक नोंदवही माझ्यासमोर चाळून अशी तक्रार आलेलीच नाही असे सांगितले. पान कोण चालवते असे विचारल्यावर ‘साहेबांच्या ओळखीचा एक मुलगा बघतो’ असे उत्तर मिळाले. हा मुलगा नगरपरिषदेच्या सेवेत नाही, हे मला मागाहून कळले.

दरम्यान मुख्याधिकाऱ्यांची बदली झाली. नव्या साहेबांच्या काळात नवे पान निघाले, जुने दिसेनासे झाले आणि त्याबरोबर माझी तक्रार व तिच्याखालचे उत्तरही गेले. मी त्याचा स्क्रीनशॉट घेतला नव्हता, हा माझाच गाफीलपणा.

दुसरी गोष्ट मला अधिक टोचते. आमच्याकडे पाणी दिवसाआड येते. वेळ बदलणार असेल तर पूर्वी घंटागाडीच्या भोंग्यावरून सांगत आणि चौकातल्या फळ्यावर लिहीत. आता सूचना केवळ फेसबुकवर आणि एका व्हॉट्सअ‍ॅप समूहात येते. वडिलांचे वय ७८ आहे आणि त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे. शेजारच्या दोन घरांत तर तोही नाही. ज्यांच्याकडे फेसबुक आहे त्यांचीही स्थिती फारशी बरी नाही, कारण वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि भूमिपूजनाची छायाचित्रे यांच्या गर्दीत ती सूचना कधी समोर येईल हे फेसबुक ठरवते. गेल्या महिन्यातील पाणीबंदीची सूचना मला दिसली ती पाणी पुन्हा सुरू झाल्यावर.

तेव्हा माझे विचारणे असे की, पानावरील तक्रारीला अर्जाचे स्थान आहे का, नाहीसे झालेले पान हा कार्यालयाचा अभिलेख मानून त्याची प्रत मागता येईल का, आणि पाण्याच्या सूचना अन्य मार्गांनीही द्याव्यात असा आग्रह कोणत्या आधारावर धरता येईल? भांडण करायचे नाही. चेंबर दुरुस्त व्हावे आणि वडिलांना पाण्याची वेळ कळावी, एवढेच हवे आहे.

निवृत्त_लेखनिक :
मी नगरपरिषदेत आवक टेबलावर बरीच वर्षे काढली आहेत. पानावरचा मजकूर कोणी टपालात घेतला नाही, तर तो कोणत्याही धारिकेत येत नाही आणि त्यावर टिपणी लिहिणे कोणाचेही काम ठरत नाही. कायद्याचे म्हणाल, तर माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये इलेक्ट्रॉनिक अभिलेखाला मान्यता आहे. परंतु शासकीय कार्यालयाने कागदपत्र इलेक्ट्रॉनिक स्वरूपातच स्वीकारावे असा आग्रह धरण्याचा हक्क मिळत नाही, असे त्याच अधिनियमाचे कलम ९ सांगते. म्हणून आधी साधा लेखी अर्ज द्या, त्यात पानावर तक्रार केल्याची तारीख लिहा आणि पोच घ्या. पोच देण्यास टाळाटाळ झाली, तर स्पीड पोस्टाने पाठवा.

कलम_चार :
पाण्याच्या सूचनेबाबत आपली बाजू भक्कम आहे. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ४(४) नुसार माहितीचा प्रसार करताना खर्च, स्थानिक भाषा आणि त्या भागातील संपर्काची सर्वांत परिणामकारक पद्धत विचारात घ्यावी लागते. प्रसाराच्या साधनांत सूचना फलक, वर्तमानपत्रे आणि जाहीर घोषणा यांचा उल्लेख तेथेच इंटरनेटच्या जोडीने आहे. बटणांचा फोन वापरणाऱ्यांच्या वस्तीत फेसबुक ही सर्वांत परिणामकारक पद्धत कशी ठरते, हे त्यांनाच विचारा.

जुन्या पानासाठी कलम २ पाहा. ‘माहिती’च्या व्याख्येत ई-मेल आणि इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील सामग्रीही येते, त्यामुळे कार्यालयाच्या नावाने चाललेल्या पानावरील नोंदी मागता येतात. अर्ज करताना एक काळजी घ्या. महाराष्ट्राच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे, म्हणून पान आणि पाणी यांचे अर्ज वेगवेगळे करा. प्रत्येकी १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही, तर पुढच्या ३० दिवसांत प्रथम अपील करता येते.

गिरगावचा_वाचक :
थोडे निराळे सांगतो. मुंबई महानगरपालिकेने २०१९ मध्ये विभाग कार्यालयांची स्वतंत्र ट्विटर खाती सुरू केली. त्यांचा लाभ असा की खाते पदाचे आणि विभागाचे असते. अधिकारी बदलला तरी पत्ता तोच राहतो. तेथे सगळे सुरळीत आहे असे मुळीच नाही, पण तुमच्याकडे झाले तसे पानच गायब होण्याचा प्रकार मी पाहिलेला नाही.

राज्य शासनाचे २८ जुलै २०२५ चे परिपत्रकही वाचून ठेवा. वैयक्तिक आणि कार्यालयीन खाती वेगळी ठेवावीत आणि बदली झाल्यावर कार्यालयीन खाते रीतसर हस्तांतरित करावे, असे त्यात आहे, आणि ते स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कर्मचाऱ्यांनाही लागू आहे. कार्यालयाबाहेरच्या मुलाच्या हाती पासवर्ड असणे त्यात कोठे बसते, हे मात्र साहेबांनीच समजावून सांगावे.

धागाकर्ता :
सर्वांचे मनःपूर्वक आभार. चेंबरचा लेखी अर्ज काल दिला, शिक्का आणि आवक क्रमांक मिळाला. तो घेताना लिपिक हसून म्हणाले की, हेच आधी केले असते तर काम कधीच झाले असते. ते पान त्यांच्याच कार्यालयाचे आहे, याची आठवण मी करून दिली नाही.

माहिती अधिकाराचा पहिला अर्ज असा लिहिला आहे : ‘नगरपरिषदेच्या नावाने चालविण्यात आलेल्या पूर्वीच्या फेसबुक पानाच्या हस्तांतरणाच्या कागदपत्रांची प्रत, तसेच ते हाताळण्यास प्राधिकृत केलेल्या व्यक्तीच्या नियुक्ती आदेशाची प्रत मिळावी.’ कलम_चार, यात हस्तांतरण आणि नियुक्ती हे दोन विषय धरले जाऊन अर्ज परत येण्याचा संभव आहे का? तसे असेल तर नियुक्ती आदेश वेगळा मागतो. सोमवारी अर्ज द्यायचा विचार आहे.